मंगळवारचे कपडे

डुलूथच्या या वसतिगृहाचं तळघर माझ्याकडे,
बावीस वर्षं. नाव इर्या.
सहा वॉशिंग मशीन, पाच ड्रायर.
चौथ्या मशीनला गुडघ्याने ढोसावं लागतं,
नेमकं कुठे, ते मी नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात दाखवते.
बाकीचं शिक्षण वर.

सरोवरावरून वारा येतो, उणे सव्वीस.
मुलं खाली येतात ती कपड्यांसाठीच असं नाही,
इथे ऊब आहे.
ड्रायरला पाठ लावून होदान रसायनशास्त्र घोकते,
मधेच उठून कोपऱ्यात नमाज पढते.
तेवढा वेळ चौथं मशीन मी कुणाला लावू देत नाही,
फार धडधडतं ते.

फेब्रुवारीत वरच्या हॉलमध्ये झेंडे लागतात.
भाषण, टाळ्या, कागदी ताटल्या.
पाहुआच्या लोकांना देशच नाही,
झेंडा कुठला लावणार?
तिने आजीचं भरतकाम अंथरलं
आणि त्यावर कुणीतरी सूप सांडलं.

दुसऱ्या दिवशी सगळे टेबलक्लॉथ माझ्याकडे.
डागांवरून सांगते कोण कुठे बसलं होतं:
बीट, माशाचा रस्सा, होदानच्या आईचा मसाला.
म्हणतात, एका पाण्यात सगळं सारखं धुतलं जातं.
खोटं. हळद जात नाही.
आणि ते भरतकाम मी मशीनला दाखवलंसुद्धा नाही.
बादलीत, गार पाण्यात, अर्धा तास, हाताने.
पाहुआ शेजारी उभी राहून नखं खात होती.

फ्लोमोचा वार मंगळवार, रात्री पावणेअकरा.
आईवडील लायबेरियाचे, हा वाढला मिनियापोलिसजवळ.
टी-शर्टच्या घड्या अशा घालायचा की पुस्तकंच,
कणा बाहेर.
एक मंगळवार गेला. म्हटलं, परीक्षा असेल.
दुसरा गेला.
जेवलो नाही हे लपवता येतं,
हसूही आणता येतं उसनं,
पण चौदा दिवसांचे कपडे
कुठेतरी साठत असतातच.

भिंतीवर समुपदेशनाचं पत्रक आहे, मीच चिकटवलेलं,
खाली फोन नंबरच्या कातरलेल्या पट्ट्या.
एकही फाडलेली नव्हती.
माझ्याकडे सगळ्या खोल्यांची किल्ली असते.
ती मी खुंटीवरून काढली नाही. होदानला सांगितलं.

ती रिकामी टोपली घेऊन वर गेली, मागोमाग पाहुआ.
दार वाजवून म्हणाली,
"माझं मशीन अर्धं रिकामं जातंय. नाणी वाया जातील.
कपडे आहेत का?"
आतून काही नाही.
"बरं," म्हणाली, आणि टोपली तिथेच ठेवली.
सकाळी ती भरलेली होती.

धुतले, वाळवले.
मग पाहुआने एकेक टी-शर्ट मुद्दाम चुरगळून
बोळे करून टोपलीत कोंबला.
मी म्हटलं, हे काय गं?
म्हणाली, थांबा.

माझी पाळी संपली होती. मी गेले नव्हते.
रात्री दीडला जिन्यावर चपला वाजल्या.
फ्लोमो. टोपली कमरेवर, डोळे सुजलेले, भयंकर वैतागलेला.
"हे कुणी केलं?"
आणि टेबलाशी उभा राहून
पहिल्यापासून घड्या घालायला लागला.
दोघी नुसत्या बसून. कसा आहेस, कुणी विचारलं नाही.
नवव्या टी-शर्टपाशी हात थांबले. बराच वेळ.
मग बोलला तो. काय, ते त्यांचं त्यांना.
मी चौथ्या मशीनचा प्लग काढून ठेवला.

पत्रकाची एक पट्टी आता नाही.
तळघराच्या खिडकीतून माणसं दिसत नाहीत, बूट दिसतात.
बुधवारी चढाच्या वाटेने, बर्फातून,
तीन जोड्या गेल्या. मधली जरा पाय ओढत.

ड्रायरच्या जाळीतून रोज मूठभर कापूस निघतो,
सगळ्यांचा मिळून, करडा-निळसर.
लोक फेकून देतात.
मी पिशवीत भरून घरी नेते,
सौनाची चूल पेटवायला.
लाकूड ओलं असलं तरी धरतं.